टपालाची किल्ली : ई-मेल खात्याची सुरक्षितता आणि सेवाबदल

गावच्या चावडीजवळ टांगलेल्या लाल टपालपेटीला कुलूप असते आणि त्या कुलपाची किल्ली टपाल खात्याच्या माणसाजवळ असते, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु आज ग्रामपंचायतीचे, शाळेचे आणि कार्यालयाचे बहुतांश टपाल ज्या पेटीत येऊन पडते, ती पेटी डोळ्यांना दिसत नाही. तिची किल्ली कोणाजवळ आहे, असे एखाद्या कार्यालयात विचारले, तर पुष्कळदा उत्तर मिळते, "संगणक परिचालकास विचारावे लागेल." परिचालक रजेवर असेल तर टपाल थांबते, आणि तो नोकरी सोडून गेला असेल तर किल्लीही त्याच्यासवे गेलेली असते.

ई-मेलचे खाते उघडणे पाच मिनिटांचे काम आहे. ते सुरक्षित राखणे आणि प्रसंगी एका सेवेकडून दुसऱ्या सेवेकडे सुरळीतपणे नेणे, ही मात्र विचाराने करावयाची गोष्ट आहे. या दोन्ही बाबींची माहिती अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना व्हावी, या हेतूने येथे काही विवेचन केले आहे.

पत्त्याचे दोन भाग

अमेरिकेतील अभियंते रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडण्याची सोय केली आणि पत्त्यासाठी '@' हे चिन्ह निवडले. त्या चिन्हाच्या डावीकडे माणसाचे अथवा कार्यालयाचे नाव असते, तर उजवीकडे ज्या सेवेच्या घरात ते खाते आहे त्या घराचे नाव असते. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढे हॉटमेल, याहू, रेडिफमेल आणि २००४ पासून जीमेल यांसारख्या विनामूल्य सेवांमुळे घरोघरी असे पत्ते झाले.

या दोन भागांतील भेद नीट ध्यानात घ्यावयास हवा. डावीकडचे नाव आपले असते, उजवीकडचे घर मात्र दुसऱ्याचे असते. विनामूल्य सेवेतील पत्ता हा एका अर्थी भाड्याच्या खोलीचा पत्ता होय. खोली बदलली की पत्ता बदलतो, आणि जुन्या पत्त्यावर येणाऱ्या टपालाची व्यवस्था आपणांसच करावी लागते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बँक, आयकर, विमा, डिजिलॉकर अशा कोणत्याही संकेतस्थळावर "पासवर्ड विसरलात?" असे बटण असते. ते दाबले असता नवा पासवर्ड करण्याचा दुवा बहुधा आपल्या ई-मेलवर येतो. म्हणजेच ई-मेलचे खाते ही इतर अनेक किल्ल्या ज्या डब्यात ठेवल्या आहेत, त्या डब्याची किल्ली आहे. ती परक्याच्या हाती पडली, तर नुकसान केवळ पत्रांपुरते राहत नाही.

एका कार्यालयाचा अनुभव

प्रस्तुत लेखकाच्या पूर्वीच्या एका कार्यालयातील प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. गावोगावच्या पाणलोट कामांची छायाचित्रे व वार्तापत्रे मागविण्यासाठी एका उत्साही सहकाऱ्याने विनामूल्य सेवेवर खाते उघडले होते. खाते उघडताना त्याने स्वतःचा मोबाइल क्रमांक दिला. त्यात गैर असे काही नव्हते. त्या वेळी दुसरा क्रमांक उपलब्धच नव्हता. पुढे त्याची बदली झाली, नंतर तो निवृत्त झाला. पासवर्ड एका नोंदवहीच्या मुखपृष्ठावर लिहिलेला होता, म्हणून काम चालू राहिले.

एके दिवशी कार्यालयात नवा संगणक आला. त्यावर खाते उघडू जाता सेवेने ओळख पटविण्यासाठी सांकेतिक अंक जुन्या क्रमांकावर पाठविले. त्या क्रमांकावर दूरध्वनी केला असता दुसऱ्याच जिल्ह्यातील एका गृहस्थांनी तो घेतला. तो क्रमांक त्यांना वर्षापूर्वी मिळाला होता. त्यांनी सौजन्याने सर्व ऐकून घेतले. परंतु अनोळखी माणसाने मागितलेले अंक सांगू नयेत, हा नियम त्यांना ठाऊक होता आणि त्यांनी तो पाळला. त्यांना दोष कसा द्यावा? सहा वर्षांची छायाचित्रे व टिपणे त्या पेटीत अडकली ती अडकलीच. कोणी चोर आला नव्हता आणि कोणी कुलूप फोडले नव्हते. केवळ किल्लीची नोंद ठेवली गेली नव्हती.

बंद झालेला मोबाइल क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्या ग्राहकास दिला जात नाही, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. त्यानंतर तो दुसऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून क्रमांक सोडण्यापूर्वी तो जेथे जेथे नोंदविलेला आहे, तेथून काढून टाकणे हे ग्राहकाचेच काम ठरते.

पाच ठिकाणची तपासणी

ई-मेल खात्याच्या सुरक्षिततेसाठी 'सेटिंग्ज' या विभागात पाच गोष्टी पाहाव्या लागतात. सेवा कोणतीही असो, नावे थोडीफार बदलतात, तत्त्व तेच असते.

पहिली गोष्ट पासवर्डची. पासवर्ड अवघड असण्यापेक्षा लांब असणे अधिक उपयोगाचे असते, हे साध्या गणिताने समजून येईल. इंग्रजीतील २६ लहान अक्षरांपासून आठ अक्षरी पासवर्ड सुमारे २०,८८२ कोटी प्रकारे करता येतात. संख्या मोठी वाटते. परंतु एखाद्या संस्थेकडील पासवर्डांची सांकेतिक यादी चोरून दर सेकंदास १०० कोटी अटकळी करणारे यंत्र तीवर बसविले, तर ते साडेतीन मिनिटांत सर्व प्रकार पडताळून पाहील. तीच अक्षरे बारा घेतली तर त्याच यंत्रास सुमारे तीन वर्षे लागतात, आणि चौदा घेतली तर दोन हजारांहून अधिक वर्षे. अर्थात ही अक्षरे अटकळीपलीकडची हवीत. गावाचे नाव व जन्मसाल जोडून केलेला पासवर्ड कितीही लांब असला, तरी तो ओळखण्यास यंत्राची गरज नसते. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून पासवर्ड करणे ही सोपी रीत आहे. एका ठिकाणचा पासवर्ड दुसऱ्या ठिकाणी वापरू नये, हे पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. दर महिन्यास पासवर्ड बदलण्याची सक्ती केली असता लोक सोपे पासवर्ड निवडू लागतात. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ साली अशी सक्ती करू नये, पासवर्ड फुटल्याचे दिसल्यास तो अवश्य बदलावा, असा सल्ला दिला.

दुसरी गोष्ट दुहेरी पडताळणीची. हिला 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' असे नाव आढळते. ही सोय चालू केली म्हणजे पासवर्ड दिल्यानंतर आणखी एक खूण द्यावी लागते. ती मोबाइलवर संदेशाने येते किंवा 'ऑथेंटिकेटर' प्रकारच्या ॲपमध्ये दिसते. ॲपमधील सहा अंक बहुधा दर ३० सेकंदांनी बदलतात आणि मोबाइलला नेटवर्क नसले तरी मिळतात. डोंगराळ भागातील शाळांना ही बाब सोयीची आहे. शिवाय आपल्या क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड कपटाने मिळविणाऱ्या भामट्यास संदेशातील अंक मिळू शकतात, ॲपमधील नव्हे. दुहेरी पडताळणीसोबत गूगल दहा राखीव अंकसंच देते. प्रत्येक संच आठ अंकी असतो आणि एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून लिफाफ्यात बंद करून कपाटात ठेवावेत. आमच्या त्या कार्यालयात असा एक लिफाफा असता, तर सहा वर्षांचे साहित्य वाचले असते.

तिसरी गोष्ट पर्यायी क्रमांक व पर्यायी ई-मेल यांची. खाते अडकल्यास सेवा याच मार्गाने आपली ओळख पटविते. येथे बंद पडलेला क्रमांक अथवा बदलून गेलेल्या कर्मचाऱ्याचा पत्ता राहिला नाही ना, हे वर्षातून दोनदा पाहावे.

चौथी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ती म्हणजे 'फॉरवर्डिंग', अर्थात टपाल पुढे धाडण्याची व्यवस्था. खात्यात एकवार शिरलेला भामटा पुष्कळदा काहीच बिघडवीत नाही. तो फक्त येणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत आपल्या पत्त्यावर जाईल अशी तजवीज करून निघून जातो. मालकास संशय आला आणि त्याने पासवर्ड बदलला, तरी प्रती जातच राहतात. कारण त्यासाठी चोरास पुन्हा आत येण्याची गरजच उरत नाही. जीमेलमध्ये संगणकावर 'सेटिंग्ज' उघडून 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' हे दोन्ही भाग वाचावेत. आपण स्वतः न लिहिलेला पत्ता किंवा नियम तेथे दिसला, तर तो तत्काळ काढावा. आपल्या खात्यात वावरण्याची परवानगी दुसऱ्या कोणास दिलेली आहे काय, हेही तेथेच 'अकाउंट्स' या भागात कळते.

पाचवी गोष्ट खाते कोठे कोठे उघडे आहे याची. 'सिक्युरिटी' विभागात ज्या ज्या मोबाइल व संगणकांवर खाते चालू आहे, त्यांची यादी मिळते. सेवा केंद्रातील संगणक, विकून टाकलेला मोबाइल अशी साधने तीत आढळली, तर तेथूनच त्यांची नोंद रद्द करता येते. खात्यातील माहिती वाचण्याची परवानगी मिळविलेली निरनिराळी ॲपेही या वेळी तपासावीत.

या पाचही कड्या लावल्या, तरी दार आतून उघडणारा माणूस स्वतःच असतो. "तुमचे खाते आज बंद होणार आहे, पुढील दुव्यावर पासवर्ड द्या" अशी पत्रे येतात. त्यांवरील बोधचिन्ह खऱ्यासारखेच असते. अशा दुव्यावर बोट न ठेवता सेवेचे संकेतस्थळ स्वतः उघडून पाहावे. मोबाइलवर आलेले अंक तर कोणासही, वरिष्ठ म्हणविणाऱ्यासही, सांगू नयेत.

सेवा बदलावी केव्हा?

सेवा बदलण्याची कारणे निरनिराळी असतात. याहू या कंपनीकडील २०१३ मधील चोरीत त्या वेळची सर्व, म्हणजे सुमारे ३०० कोटी खाती सापडली होती, हे कंपनीने २०१७ साली मान्य केले. अमेरिकेतील लाव्हाबिट ही सेवा ८ ऑगस्ट २०१३ रोजी एकाएकी बंद झाली आणि तिच्या ग्राहकांची टपालपेटी एका दिवसात मिटली. जागा अपुरी पडणे, जाहिराती नकोशा होणे, आपली माहिती देशातच राहावी असे वाटणे, ही कारणेही असू शकतात. काही न वापरल्यानेही खाते जाते. दोन वर्षे न उघडलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ च्या डिसेंबरपासून अमलात आणले.

सेवाबदलाचे एक मोठे उदाहरण आपल्या देशातीलच आहे. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांचे ई-मेल पूर्वी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या स्वतःच्या यंत्रणेवर चालत. २०२३ साली हे काम झोहो या भारतीय कंपनीकडे सोपविण्यात आले, आणि सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची खाती तिच्या यंत्रणेवर गेल्याची वृत्ते ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. यात शिकण्यासारखे असे की, एवढ्या मोठ्या स्थलांतरात पत्ते बदलले नाहीत. '@' च्या उजवीकडील 'जीओव्ही डॉट इन' व 'एनआयसी डॉट इन' ही नावे शासनाची स्वतःची असल्याने आतील यंत्रणा बदलली, तरी दारावरील पाटी तीच राहिली.

शासकीय कामासाठी शासकीय पत्ताच वापरावा, असे जे सांगितले जाते, त्यामागे हेही एक कारण आहे. पतसंस्था, शिक्षणसंस्था, सहकारी संस्था यांनाही वार्षिक शुल्क भरून स्वतःचे नाव नोंदविता येते. मात्र त्या शुल्काची तारीख चुकता कामा नये. मुदत टळून ते नाव दुसऱ्याने घेतले, तर त्या नावावर येणारे सर्व टपाल त्याच्याकडे जाऊ लागेल.

स्थलांतराचा क्रम

विनामूल्य सेवेतील पत्ता सोडून दुसरीकडे जावयाचे असेल, तर कामाचा क्रम महत्त्वाचा असतो. नवे घर लावून झाल्याखेरीज जुने रिकामे करू नये, हा संसारातील नियम येथेही लागू पडतो.

प्रथम नवे खाते उघडून वर सांगितलेल्या पाचही गोष्टी तेथे पूर्ण कराव्यात. टपाल आणल्यानंतर कुलूप शोधणे योग्य नव्हे.

त्यानंतर जुन्या पत्रांची प्रत काढावी. गूगलच्या 'टेकआउट' या सोयीने सर्व पत्रे एका संचिकेत उतरवून घेता येतात. जुनी पत्रे नव्या खात्यातच हवी असतील, तर 'आयमॅप' पद्धतीने ती हलविता येतात. अनेक सेवांमध्ये अशी आयात करण्याची सोय असते. अन्यथा थंडरबर्डसारख्या विनामूल्य संगणक-कार्यक्रमात दोन्ही खाती जोडून एकातून दुसऱ्यात पत्रे ओढता येतात. परिचितांच्या पत्त्यांची यादी वेगळी उतरवावी लागते, हे विसरू नये. ही प्रत उघडून पाहिल्याशिवाय ती झाली असे मानू नये.

तिसऱ्या टप्प्यात जुन्या खात्यावरील टपाल नव्याकडे धाडण्याची व्यवस्था करावी. जी 'फॉरवर्डिंग'ची सोय चोराच्या हाती शस्त्र ठरते, तीच येथे आपल्या उपयोगी पडते. जीमेलमध्ये ही सोय नव्याने येणाऱ्या पत्रांपुरतीच असते; जुनी पत्रे व 'स्पॅम' ठरलेली पत्रे तीतून पुढे जात नाहीत. म्हणून जुनी पेटीही आठवड्यातून एकदा उघडून पाहावी. सर्वच सेवा ही सोय फुकट देत नाहीत. याहूने जानेवारी २०२१ पासून ती शुल्क देणाऱ्यांपुरती ठेवली.

चौथा टप्पा सर्वांत कंटाळवाणा, परंतु सर्वांत मोलाचा आहे. तो म्हणजे जेथे जेथे जुना पत्ता दिलेला आहे, तेथे तेथे नवा नोंदविणे. यासाठी एक कागद घेऊन यादी करावी. बँक, आधार, आयकर, भविष्य निर्वाह निधी, विमा आणि डिजिलॉकर ही व्यक्तीची यादी झाली. शाळेसाठी यू-डायस आणि शालार्थ, तर पंचायतीसाठी ई-ग्रामस्वराज अशी कार्यालयीन नोंद वेगळी करावी. प्रथम पैशाशी संबंधित ठिकाणे, मग शासकीय, मग इतर, असा क्रम ठेवावा. पुढे धाडून आलेले प्रत्येक पत्र हे यादीत काय राहिले याची आठवणच असते.

शेवटी, जुने खाते बंद करण्याची घाई करू नये. याहूने २०१३ साली दीर्घकाळ न वापरलेले पत्ते नव्या ग्राहकांस दिले, तेव्हा काही नव्या धारकांकडे पूर्वीच्या मालकांची खासगी पत्रे येऊ लागली. ज्या पत्त्यावर आपली बँक अजून पत्र पाठवीत आहे, तो पत्ता मोकळा सोडणे धोक्याचे होय. किमान एक वर्ष जुने खाते चालू ठेवावे, अधूनमधून उघडावे, आणि वर्षभरात उपयोगाचे एकही पत्र आले नाही म्हणजेच ते सोडण्याचा विचार करावा.

कार्यालयाची पेटी ही दप्तराचा भाग

खासगी खाते गेले तर एका कुटुंबाची हानी होते, कार्यालयाचे गेले तर गावाची. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेखास कायदेशीर मान्यता आहे, आणि माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील 'माहिती'च्या व्याख्येत ई-मेलचा उल्लेख स्पष्ट शब्दांत केलेला आहे. गावातील एखाद्या विधवेने योजनेच्या अर्जाचे काय झाले असे विचारले आणि तो पत्रव्यवहार बदलून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या खासगी खात्यात अडकलेला असला, तर "पत्र सापडत नाही" हे उत्तर तिला देणे न्यायाचे होणार नाही.

म्हणून कार्यभार सोपविताना शिक्के, किल्ल्या, धनादेश पुस्तिका व नोंदवह्या यांच्या यादीत आणखी एक ओळ असावी : ई-मेल खात्याचा पत्ता, त्यावरील पर्यायी क्रमांक आणि राखीव अंकांचा मोहोरबंद लिफाफा. नव्या अधिकाऱ्याने त्याच दिवशी पासवर्ड बदलावा, पर्यायी क्रमांक बदलावा आणि पूर्वीची साधने यादीतून काढावीत. त्यामुळे जाणाऱ्यावरही पुढे विनाकारण बालंट येत नाही.

इतके करूनही खात्यात कोणी शिरल्याचे दिसले, तर गांगरून जाऊ नये. खात्रीच्या दुसऱ्या साधनावरून पासवर्ड बदलावा, सर्व साधनांची नोंद रद्द करावी, पर्यायी क्रमांक व 'फॉरवर्डिंग' तपासावे, आणि आपल्या नावे कोणास पैशाची मागणी गेली असल्यास सर्व परिचितांस तत्काळ कळवावे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब दूरध्वनी करावा. इतर तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अथवा पोलीस ठाण्यात नोंदविता येतात. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-सी अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे.

वर सांगितलेली तपासणी करण्यास अर्धा तास पुरतो आणि खर्च काहीच नाही. एखाद्या शिक्षकाने सहकाऱ्यांसमवेत, एखाद्या सरपंचाने मासिक सभेच्या अखेरीस हे काम एकदा करून पाहावे. त्या वेळी यादीतील प्रत्येक क्रमांकाशी नाव जुळवावे, आणि ज्या क्रमांकाचा माणूस आता कार्यालयात नाही, तो प्रथम बदलावा. आमच्या त्या कार्यालयाने नवे खाते उघडले, तेव्हा आरंभ याच कामापासून केला. कपाटातील त्या लिफाफ्यावर आता दोघांच्या स्वाक्षऱ्या असतात, आणि बदलीच्या वेळी तो हाती दिल्याशिवाय कार्यभार पूर्ण झाला असे कोणी लिहीत नाही.